लग्न मोडायचा एपिसोड लिहिताय? आधी होमरचा गणपती नीट बघा

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे एक २२ मिनिटांचा मराठी अ‍ॅनिमेटेड सिटकॉम लिहितायत. हिरो पक्या, त्याचा जिवलग मित्र सुध्या, सुध्याच्या आईने पत्रिका जुळवून लग्न ठरवलंय, सुध्याला ते नकोय पण आईसमोर तोंड उघडत नाही, म्हणून पक्या ते मोडायला निघतो. मंडपातली लाइट घालवतो, भटजींना भलत्याच गावच्या एसटीत बसवून देतो, एक नकली पहिली बायको आणतो, बँडवाल्यांना फितवतो आणि शेवटी मांडवात म्हैस सोडतो. स्क्रिप्ट वाचून दाखवलं तेव्हा पहिली आठेक मिनिटं लोक हसले आणि मंडपाचा सीन आल्यावर गप्प बसले. चुकतंय कुठे आणि कुठला एपिसोड अभ्यासायचा, असा प्रश्न आहे.

मी अ‍ॅनिमेशनमध्ये आधी स्टोरीबोर्ड करायचो आणि गेली बरीच वर्षं स्क्रिप्ट बघतोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

चूक म्हैस सोडण्यात नाहीये. तुमचा पक्या पाच गोष्टी करतो आणि पाचही गोष्टी समारंभ बिघडवतात, लग्न बिघडवतच नाहीत. आपल्या प्रेक्षकाने आयुष्यात इतकी लग्नं बघितलीयत की लाइट गेली, भटजी उशिरा आले, बँड आलाच नाही, नवरदेवाची गाडी घाटात बंद पडली, हे सगळं त्याने पाहिलंय आणि तरी लग्न लागलेलं पाहिलंय. जनरेटर येतो, दुसरे गुरुजी येतात, कोणीतरी काका मोबाइलवर सनई लावतात. म्हणजे पक्या काहीही करो, प्रेक्षकाला आतून माहितीये की याने काही होणार नाही, आणि धोका नसला की मग उरते नुसती धावपळ. पहिली आठ मिनिटं लोक हसले कारण तिथे सुध्या आणि त्याची आई होती. मंडपात आल्यावर तुम्ही त्या दोघांना विसरलात आणि पक्याच्या मागे धावत सुटलात.

आता बघायचा एपिसोड. 'द सिम्प्सन्स' ही अमेरिकन अ‍ॅनिमेटेड मालिका, नववा सीझन, सातवा एपिसोड, 'द टू मिसेस नहासापीमापेटिलॉन्स', अमेरिकेत फॉक्सवर १६ नोव्हेंबर १९९७ ला लागलेला. लेखन रिचर्ड अपेल यांचं, दिग्दर्शन स्टीव्हन डीन मूर यांचं. तुमच्याच विषयावरचा आहे, अरेंज्ड मॅरेज आणि ते मोडायला निघालेला मित्र. नुसता हसत एकदा बघा आणि मग दुसऱ्यांदा वही घेऊन बसा.

गोष्ट अशी. स्प्रिंगफील्ड गावात अविवाहित पुरुषांचा चॅरिटीसाठी लिलाव असतो आणि कोणालाच बोली लागत नाही. मालिकेचा नायक होमर सिम्प्सन, त्याची बायको मार्ज मग किराणा दुकानवाल्या अपूला पुढे ढकलते. अपू माइकवर स्वतःबद्दल सांगतो, कॉम्प्युटर सायन्समधली डॉक्टरेट, स्वतःचा धंदा, स्वयंपाकाची आवड, आणि फर्निचर बनवून ते खोलीत कुठे ठेवायचं यावर चर्चा करायलाही आवडतं म्हणतो. सगळ्या बायका पागल. अपू अचानक गावातला सर्वात मागणी असलेला मुलगा होतो, मजेत फिरायला लागतो, आणि तेवढ्यात भारतातून आईचं पत्र येतं की लहानपणी मंजुळाशी ठरवलेलं लग्न आता करायची वेळ झाली. होमर सल्ला देतो की सांगून टाक माझं लग्न झालंय. अपू सांगतो. आणि आई थेट अमेरिकेत येऊन दुकानासमोर उभी. मग मार्जला बायको म्हणून पुढे करायचं, होमरने आपल्या बापाच्या वृद्धाश्रमात जाऊन राहायचं, असं सगळं ठरतं. होमरला वृद्धाश्रम इतका आवडतो की तो तिथल्या दुसऱ्याच एका म्हाताऱ्याच्या नावावर राहून मस्त सेवा करून घेतो, तो खरा म्हातारा परत आल्यावर हाकलला जातो, रात्री घरी येऊन सवयीने आपल्या पलंगावर मार्जशेजारी आडवा होतो, आणि अपूच्या आईसमोर सगळं उघडं पडतं. लग्न ठरतं, मांडव घातला जातो सिम्प्सनांच्याच परसदारी. आणि मग होमर गणपतीचं सोंग घेऊन मांडवात शिरतो.

हे वाचताना तुमच्या लक्षात आलं का बघा, लग्न मोडायचा खरा प्रयत्न मांडवात नाहीये. तो आधीच होऊन गेलाय. "माझं लग्न झालंय" हे खोटं हाच खरा सुरुंग, अख्खा मधला भाग त्याच्यावर उभाय आणि तो फुटतो कशामुळे? योगायोगाने नाही, कोणी चुगली केली म्हणून नाही. होमर ज्या स्वभावाचा आहे त्याच स्वभावामुळे फुटतो. आयतं मिळालं की लोळत पडणारा माणूस वृद्धाश्रमात लोळला, तिथून हाकलला गेला आणि पलंग दिसल्यावर परत लोळला. वृद्धाश्रमाचा तो भाग वरवर बघता भरती वाटतो, बी-प्लॉट, म्हणजे जोडकथानक, म्हणून वेळ काढलाय असं वाटतं, पण तोच फिरून येऊन मुख्य गोष्टीचा कणा मोडतो. याला मी कारागिरी म्हणतो आणि मनापासून म्हणतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये नकली बायको का पकडली जाते? तिचा फोन वाजतो म्हणून. फोन कोणाचाही वाजू शकतो हो. पक्याचा जो काही अवगुण आहे, मला तो वाचताना बढाईखोर वाटला, त्या बढाईपायी ती पकडली गेली पाहिजे.

आता गणपतीचं सोंग. होमर हत्तीचं तोंड लावून मांडवात येतो आणि जाहीर करतो की मी गणेश देव आहे, या लग्नाने मी कोपलोय, लग्न थांबवलं नाही तर सगळे मरतील. हा प्रसंग चालतो अगदी थोडा वेळ. एक भारतीय पाहुणा उठतो, तू गणेश नाहीस म्हणतो, गणेश डौलदार असतो म्हणतो आणि त्याला पिटाळून लावतो. संपलं.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे बघताना सुरुवातीला जरा दचकायला होतं, देवाची चेष्टा तर नाही ना असं वाटतं. मी याच्यावर बराच विचार केलाय आणि माझं मत पक्कं आहे की विनोद गणपतीवर नाही, होमरवर आहे, कारण त्या एका वाक्यात पाहुणा चिडतो तो देवाच्या नावाखाली केलेल्या बेढब वागण्यावर. नाचणारा गणपती, एक पाय उचललेला, कमरेत वळलेला, ही मूर्ती डोळ्यासमोर आणा आणि मग तो धसमुसळा होमर बघा. ज्याला देव माहितीये तोच हे वाक्य बोलू शकतो. लेखकाने इथे मांडवातल्या माणसांना अडाणी नाही ठरवलं, अडाणी ठरतो तो सोंग घेणारा.

आणि याच्या आत अजून एक गोष्ट आहे जी अमेरिकन प्रेक्षकाला बहुतेक कळली नसेल, आपल्याला लगेच कळते. लग्नात शिरायला होमरने निवडला तो नेमका एकच देव ज्याच्याशिवाय लग्न सुरूच होत नाही. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची, पत्रिकेवर सगळ्यात वर त्याचं नाव, मांडवात पहिली पूजा त्याची, आणि पहिलं मंगलाष्टक 'स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं' म्हणून अष्टविनायकांचं. त्या मांडवात असा एक माणूस नाही ज्याला गणपती ओळखता येत नाही. म्हणजे सोंग घ्यायचं तर ज्याचं सोंग घेतोय त्याला समोरच्यांनी कधी पाहिलेलं नसावं, किंवा पाहिलं असेल तर इतकं हुबेहूब असावं की शंका येऊ नये, आणि होमर दोन्हीकडून गेलेला आहे. म्हणून ते सोंग पहिल्या क्षणालाच हसवतं, समजावून सांगायला लागत नाही. त्यात तो विघ्नहर्त्याच्या नावाने विघ्न आणायला निघालाय, आणि पुराणातल्या कथांमध्ये तर गणपती विघ्नं दूर करतो तसा विघ्नं घालतोही, त्यामुळे होमरची धमकी अगदीच निराधार नाही हेसुद्धा मजेशीर आहे.

पण लेखकाने हे लांबवलं नाही, हा खरा धडा. तुमच्याकडे मांडवातले साडेसात मिनिटं सोंगं आणि युक्त्या आहेत. अपेल यांनी एकच युक्ती ठेवली, सगळ्यात मूर्खपणाची, आणि तिला पटकन मोडीत काढली, कारण त्यांना माहिती होतं की प्रेक्षक थांबलाय तो होमर काय करतो हे बघायला नाही. तो थांबलाय मंजुळा कोण आहे हे बघायला.

अपूने तिला लहानपणानंतर पाहिलेलं नाही. आपण तर पाहिलेलंच नाही. अख्खा एपिसोड ज्या मुलीपासून पळापळ चाललीय ती शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पडद्यावर नाही. मग तो चेहऱ्यावरचा पदर बाजूला करतो आणि ती सुंदर आहे. एवढ्यावर थांबले असते तर एपिसोड फालतू झाला असता, मुलगी गोरीगोमटी निघाली म्हणून मुलगा राजी झाला, असल्या गोष्टी आपण ढिगाने पाहिल्यात. पण ते बोलतात. अपू तिला विचारतो आवडतं पुस्तक कोणतं, आवडता सिनेमा कोणता, आवडतं जेवण कोणतं, आणि ती तिन्हीला एकच उत्तर देते, 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज'. पुस्तकही आहे, सिनेमाही आहे, खायचा पदार्थही आहे. एका उत्तरात कळतं की बाई हुशार आहे, हजरजबाबी आहे आणि घाबरलेली नाही. मग ते म्हणतात की जमेल कदाचित, आणि नाही जमलं तर घटस्फोट आहेच, देव अमेरिकेचं भलं करो. होमर बाहेर हाणामारीत असताना इथे दोन माणसांनी आपापला निर्णय घेतला. लग्न मोडलं नाही, पण ते आईच्या हुकमावरही लागलं नाही. या दोन गोष्टींच्या मधली ती चिंचोळी जागा सापडणं अवघड असतं आणि त्यांना ती सापडली.

तुमच्या सुध्याची होणारी बायको, तिचं नाव तुम्ही स्क्रिप्टमध्ये 'वधू' असं लिहिलंय. नावच नाहीये तिला. माझ्यामते मंडपाचा सीन पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, म्हैस नंतर. तिला लग्न हवंय का? तीही कोणाच्या दबावाखाली आहे का? ती पक्याला ओळखते का? हे तुम्हाला माहिती नसेल तर लग्न मोडलं काय आणि लागलं काय, प्रेक्षकाला दोन्ही सारखंच.

आता एक तांत्रिक अडचण सांगतो जी तुम्ही इंग्रजी मालिका बघून लिहायला बसलात की हमखास येते. चर्चमधल्या लग्नात विरोध करायला ठरलेली जागा असते, कोणाला हरकत असेल तर आत्ता बोला नाहीतर कायमचं गप्प राहा. लेखकाला फुकट मिळालेला क्षण आहे तो. सिम्प्सन्समध्येच पाचव्या सीझनला १९९४ मध्ये 'लेडी बुव्हिएज लव्हर' नावाचा एपिसोड आलाय, बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन यांनी लिहिलेला, त्यात मार्जची आई श्रीमंत मिस्टर बर्न्सशी लग्न करायला निघते आणि होमरचा म्हातारा बाप एब, ज्याचं तिच्यावर प्रेम आहे, चर्चमध्ये घुसून तिला हाका मारतो. सरळसरळ १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट' सिनेमाच्या शेवटाची नक्कल आहे आणि ती लपवलेली नाही. ती बर्न्सला नकार देते, पण एबलाही सांगते की मला तुझ्याशीही लग्न करायचं नाही, आणि तो म्हणतो चालेल, एवढं पुरे. दोघं पळून जातात. हा शेवट मला फार आवडतो, लग्न मोडलं पण मोडणाऱ्याला बक्षीस म्हणून बाई मिळाली नाही, तिचं ती ठरवते.

पण हिंदू लग्नात हरकतीचा असा ठरलेला क्षण नाही. म्हणून अपेल यांना सोंगच आणावं लागलं, नुसतं "थांबा" म्हणून ओरडायला विधीमध्ये फट नव्हती. तुम्हाला मराठी लग्न दाखवायचंय तर आपल्या विधीतली फट तुम्हाला शोधायला लागेल, आणि ती आहे, बऱ्याच आहेत. मंगलाष्टकं बघा. अंतरपाट धरलाय, दोन्हीकडे मामा उभे आहेत, मुहूर्ताची वेळ ठरलेली आहे, गुरुजींचं म्हणून झालं की घरच्या बायका माइक घेऊन स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात. कोणालाही माइक मिळतो! आत्या, मावशी, शेजारच्या काकू, कोणी अडवत नाही, उलट नाही म्हटलं तर राग येतो. तुमच्या पक्याने शार्दूलविक्रीडित वृत्तात घरून रचून आणलेलं मंगलाष्टक म्हणायला सुरुवात केली आणि त्याच्यातच सुध्याचं गुपित बाहेर यायला लागलं, तर कोणालाही कळेपर्यंत दोन ओळी गेल्या असतील, आणि लोकांनी चौथी ओळ आल्यावर सवयीने अक्षता टाकल्या असतील. हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. आणि वर प्रेक्षकाला मंगलाष्टकाची चाल पाठ आहे, कधी 'सावधान' येणार हे त्याच्या अंगात आहे, म्हणजे उलटी मोजणी सुरू आहे आणि तुम्हाला पडद्यावर घड्याळ दाखवायची गरज नाही.

अजून एक. अक्षता पडल्या की लग्न लागलं असं आपण सगळे धरतो, जेवणाच्या पंगतीकडे वळतो. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ७ मध्ये म्हटलंय की ज्या विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल टाकलं की विवाह पूर्ण होतो. म्हणजे अक्षता पडल्यानंतरसुद्धा तुमच्या गोष्टीत वेळ शिल्लक आहे. सगळे पाहुणे जेवायला गेलेत, मांडवात होमापाशी मोजकी माणसं, धूर, गुरुजी घाईत, आणि एकेक पाऊल. वकिलीचा अभ्यास करणारी एखादी चुलत बहीण असेल तर ती हे बोलू शकते. शेवटच्या अंकासाठी एवढी चांगली जागा मी तरी मराठी स्क्रिप्टमध्ये कोणी वापरलेली पाहिली नाही.

'फ्युचरामा' या दुसऱ्या अमेरिकन अ‍ॅनिमेटेड मालिकेचा पण एक एपिसोड बघून ठेवा, 'अ बायसायक्लॉप्स बिल्ट फॉर टू', २००० सालचा. एकडोळी नायिका लीला, तिला वाटतं आपल्या प्रजातीचा एकमेव उरलेला पुरुष सापडला, ती लग्नाला उभी राहते, आणि तिचा मित्र फ्राय शोधून काढतो की तोच प्राणी रूपं बदलून एकाच दिवशी पाच जणींशी लग्न लावतोय. इथे मोडतोड यशस्वी होते कारण फ्रायच्या हातात खरं काहीतरी आहे. एवढंच त्यातून घ्या. मोडणारा खोटं घेऊन आला तर तो पडला पाहिजे, खरं घेऊन आला तर प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो. तुमचा पक्या मध्येच कधी खोटं कधी खरं वापरतो म्हणून त्याच्या बाजूने व्हायचं की नाही हे कळत नाही.

आणि खरं सांगू का, लग्न मोडायची कॉमेडी शिकायला अमेरिकेला जायची गरजच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ चं आहे आणि ते दुसरं काय आहे? बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलंय, कृष्णाला ते मोडायचंय, आणि तो उघडपणे काहीच बोलत नाही. अर्जुन यतीचं सोंग घेऊन येतो आणि बलराम स्वतः, ज्याला हे लग्न लावायचंय तोच, त्याला आदराने घरात घेतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो. होमरच्या सोंगाशी ताडून बघा. होमर भीती घालायला बघतो आणि मार खातो. अर्जुनाचं सोंग समोरच्याच्या श्रद्धेवर चालतं म्हणून दार आतून उघडतं. दोन्ही विनोदीच आहेत पण एकात हसू मोडणाऱ्यावर येतं आणि दुसऱ्यात लग्न लावणाऱ्यावर. तुम्हाला कोणावर हसायचंय ते आधी ठरवा, मग सोंग निवडा. आणि लग्न मोडणं गंभीरपणे बघायचं असेल तर देवलांचं 'संगीत शारदा', १८९९. जरठ भुजंगनाथाशी कोवळ्या शारदेचं लग्न, आणि ते मोडतं सगोत्र असल्याचं उघड झाल्यामुळे. म्हणजे मुलीचे हाल कोणाला दिसत नव्हते पण शास्त्राची अडचण आल्यावर मांडव थांबला. समाजाचा नियम समाजावरच उलटवणं ही युक्ती नाटकाचा नायक कोदंड याची आहे आणि ती आजही तितकीच धारदार आहे. तुमच्या गोष्टीतसुद्धा लग्न पत्रिका जुळवून ठरलंय ना? मग पत्रिकेतच काहीतरी असू दे. म्हशीपेक्षा पत्रिका जास्त घाबरवेल सुध्याच्या आईला.

सिम्प्सन्सच्या त्या एपिसोडमधलं एक खटकणारंही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं उत्तर अर्धवट राहील. अपूचा आवाज हँक अझारियांचा, मंजुळाचा जॅन हुक्स यांचा, अपूच्या आईचा अँड्रिया मार्टिन यांचा. भारतीय लग्नाचा एपिसोड आणि मुख्य तिन्ही भारतीय पात्रांना आवाज देणारं कोणी भारतीय नाही. त्या वेळी हे कोणाला वावगं वाटलं नाही, पण तिकडे वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत अपूच्या त्या बोलण्याच्या हेलाने चिडवलं जायचं आणि २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू यांनी 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा माहितीपट केला तेव्हा ती गोष्ट चव्हाट्यावर आली. २०२० मध्ये अझारियांनी अपूचा आवाज सोडला आणि त्याच वर्षी मालिकेने ठरवलं की गोऱ्या कलाकारांनी इतर वंशाच्या पात्रांना आवाज द्यायचा नाही. मला तो एपिसोड लेखन म्हणून आवडतो आणि हे सगळं खरंच आहे, दोन्ही एकत्र डोक्यात ठेवूनच मी तो बघतो.

आणि हे तुम्हाला लागू होतं, म्हणून सांगतोय. तुमची वधू विदर्भातली आहे आणि तिचे नातेवाईक आले की ते नुसते वऱ्हाडी बोलतात म्हणून हशा अपेक्षित आहे असं स्क्रिप्टमध्ये दिसतं. डबिंगला पुण्या-मुंबईचा कलाकार 'काऊन बे' म्हणून हेल काढणार आणि आपण हसणार, हे करू नका प्लीज. वऱ्हाडी माणूस वऱ्हाडीत जो विनोद करतो तो अप्रतिम असतो, तो घ्या, तिकडचाच कलाकार घ्या, आणि त्याला ओळी बदलायची मोकळीक द्या. तिथला पाहुणा पक्याचं सोंग एका वाक्यात उघडं पाडू दे, जसं त्या एपिसोडमधल्या पाहुण्याने पाडलं. मग हसू कोणावर जातं बघा.

आता प्रॉडक्शनचं थोडं, कारण तुमचं बजेट वेबचं आहे. मांडव म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे पैसे. २डी मध्ये जरीच्या साड्या, फेटे, मुंडावळ्या, हार हे सगळं हलवायला लागलं की अ‍ॅनिमेटर रडतात. म्हैस तर विसराच, चार पायांचं वॉक सायकल (चालण्याची हालचाल), वर मांडव कोसळतो, त्यात अर्ध्या एपिसोडचे पैसे गेले. अंतरपाट मात्र देणगी आहे. एक सपाट कापड, दोन्ही बाजूंना एकेक पात्र, मागे एकेक मामा, गर्दी फक्त आवाजात. मंगलाष्टकं जोरात चालू आहेत आणि कापडाच्या दोन बाजूंनी सुध्या आणि ती मुलगी हळू आवाजात पहिल्यांदा एकमेकांशी खरं बोलतायत, एकमेकांचे चेहरे दिसत नाहीयेत, मागच्या मामाला सगळं ऐकू येतंय आणि तो चेहऱ्यावर काही दाखवू शकत नाही. दीड मिनिटाचा सीन, चार पात्रं, जवळजवळ स्थिर कॅमेरा. तुमच्या एपिसोडचा मधला खांब हा आहे. मामाच्या भुवयांवर खर्च करा हवं तर.

म्हणून क्रम असा बदला. नकली पहिली बायको मंडपातून काढून पहिल्या अंकाच्या शेवटी आणा, तेच तुमचं मोठं खोटं, सीमांतपूजनाच्या आधी. मधला भाग ते खोटं सांभाळण्यात जाऊ दे आणि ते पक्याच्या बढाईनेच फुटू दे. भटजी, लाइट, बँड, तिन्ही काढा. मांडवात पक्याला एकच युक्ती द्या, माझ्या मते मंगलाष्टक, आणि ते अंतरपाटाच्या सीनवरून चालू ठेवा म्हणजे एकाच वेळी एका बाजूला गोंधळ आणि एका बाजूला बोलणं. लग्न लागतं की मोडतं हे मी सांगणार नाही, ते त्या मुलीला विचारून ठरवा, पण तिला नाव देऊन आणि किमान दोन सीन आधी पडद्यावर आणून. आधी आणायचं नसेल, मंजुळासारखं शेवटीच दाखवायचं असेल तर मग तिची पहिली ओळ त्या तीन प्रश्नांच्या उत्तराइतकी सणसणीत हवी, आणि ती ओळ सुचेपर्यंत बाकी काही लिहू नका.

मंगलाष्टक खरं कोणाकडून तरी म्हणून घेऊन, चालीसकट रेकॉर्ड करून, त्याच्यावर अ‍ॅनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासोबत लावलेला कच्चा व्हिडिओ) बसवा. कागदावर ते वाचायला वीस सेकंद लागतात आणि गायला एक मिनिट, त्यामुळे संवाद किती बसतात हे गाऊन झाल्याशिवाय कळणार नाही. पुढचा ड्राफ्ट झाला की तो ऑडिओ आणि अंतरपाटाचा सीन एवढंच पाठवा, आधी तेच बघू.